वाढवणे

सराफ्यात रात्री नऊला
सोनार दुकान वाढवतात,
म्हणजे शटर ओढतात,
आणि त्याच ओट्यावर गराडूची कढई चढते.
इंदुरात हा शब्द दोन्हीकडून खरा ठरतो, रोज.

मी निगमात फॉर्म भरतो.
मार्चात मालिनीबाई टेंबे आल्या,
चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.
"ह्यांचं दुकान वाढवलं हो, दिवाळीतच."
मी लिहिलं : व्यवसायात वाढ.
किती चौरस फूट, ते विचारायचं राहिलं,
अंदाजानं ऐंशी टाकले.

जूनमध्ये नोटीस गेली.
वाढीव कर, उशिराचा दंड,
खाली माझी तिरकी सही.

ती घेऊनच त्या परत आल्या.
भांडल्या नाहीत.
घडी उलगडायला हात पुढे केला
तेव्हा मनगट दिसलं.
मार्चातही ते तसंच असणार.
मी तेव्हा बोलणं लिहून घेत होतो.
बांगड्याही वाढवतातच की आपल्यात.

शेजारच्या टेबलावरून चौरसिया म्हणाला,
"दुकान बढ़ा दी, मतलब बंद.
हमारे यहाँ भी यही बोलते हैं, साहब."

मी ओळ खोडली. वर लिहिलं : बंद.
त्यांनी वाचलं. बोटानं शाई वाळली का पाहिलं.
"असं लिहू नये हो," म्हणाल्या,
मग जरा वेळानं,
"राहू दे. बरोबर आहे."

पिशवी उचलली. "येते."

पुढची तारीख लिहून द्यायला
मी पेनाचं टोपण काढेपर्यंत
त्या जिना उतरल्या होत्या.