सूचनेप्रमाणे करा

घणसोली, सेक्टर सात. गॅलरीतल्या घडीच्या टेबलावर
बारावी पूर्वपरीक्षेचे त्रेसष्ट पेपर.
लाल रिफिल संपत आलेली, शेजारी कुकरची तिसरी शिट्टी.
मी इंग्रजी शिकवतो. म्हणजे
पोरांना मराठीत सांगतो की इंग्रजीत विचार करा.

पहिला प्रश्न, अनसीन पॅसेज.
मीच निवडला होता, घाईत,
खाडीकाठच्या एका शहराबद्दल, शहराचं नाव नसलेला.
भराव, खारफुटी, रुंद रस्ते,
शेवटच्या परिच्छेदात दोन गुलाबी पक्षी.
अनसीन म्हणे.
माझ्या गॅलरीतून दिसतो.

शब्दार्थ, एक गुण: रिक्लेम.
माझ्या नमुना उत्तरात, परत मिळवणे.
प्रज्योत ढेबेनं लिहिलं, पुन्हा क्लेम करणे.
बाप मार्केटात माथाडी, पाठीच्या ऑपरेशनचा क्लेम
तीन वर्षं अडकलेला. शब्द त्याला घरचा.
झीनतनं वाक्यात वापरून दाखवला,
बहिणीकडून तिनं छत्री रिक्लेम केली.
एकानं दोन ओळी मोकळ्या सोडल्या,
नंतर भराव टाकायला सोडतात तशा.
आणि खूण करता करता मीच अडलो:
परत मिळवणे? समुद्राकडून?
त्याला दिली कधी होती?

पुढे व्याकरण. द लँड वॉज रिक्लेम्ड.
सूचना: प्रयोग बदला.
या वाक्यात कर्ताच नाही. वर्गात सांगितलं होतं,
कर्ता ठाऊक नसेल, किंवा सांगायचा नसेल,
तर खुशाल पीपल घाला, समवन घाला.
एकसष्ट जणांनी घातलं.
एकसष्ट वेळा कुणीतरी जमीन मिळवली
आणि मी बरोबरची खूण केली.

बैठक क्रमांक सत्तेचाळीस. तृषाली मढवी, गोठिवली.
माय ग्रँडफादर रिक्लेम्ड लँड.

काळ बरोबर. क्रियापद बरोबर.
आजोबा कुठून आणले?
उताऱ्याबाहेरचं उत्तर ग्राह्य धरू नये,
हे मीच फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारल्या होत्या.
अर्धा गुण दिला.
अर्धा दिला की झोप लागते.

मंगळवारी पेपर वाटले.
ती टेबलाशी आली, बोट त्याच ओळीवर.
आजोबांचं काय हे, मी विचारलं.
"डंपरवर व्हता सर आजा, मातीच्या.
आमचंच खाजण व्हतं ते. आधी तिथं कोलंबी काढायचा,
मंग तिथंच माती टाकायला लागला. अठरा रुपये रोज."
रडवेली नव्हती, चिडलेलीही नव्हती.
रोज वेळेवर मिळायचा, हेही तिनं आवर्जून सांगितलं.
वाक्य तक्रारीचं की अभिमानाचं
हे ओळखण्याचा प्रश्न कुठल्याच पेपरात नसतो.

मी मास्तरकी सोडली नाही.
म्हटलं, ते ठीक, पण लँडच्या आधी द राहिलाय. अर्धा त्याचा गेला.
खोटं होतं. तपासताना तो द
माझ्या लक्षातही आला नव्हता.
"कधी लावायचा गं द?"
"कुठली ते नक्की सांगायचं असंल तवा."
"मग?"
ती जरा थांबली.
"घरी आम्ही नुसतं जमीन म्हणतो सर.
दुसरी नव्हतीच ना."

मागच्या बाकावर ढेबे बेरीज पुन्हा मोजत होता.
फळ्यावर कालचंच पुसायचं राहिलेलं: ए, ॲन, द.
आपल्या भाषेत यातलं काहीच नसतं,
तरी गोठिवलीत कुणाचा घोळ झाल्याचं ऐकलं नाही
कुठल्या जमिनीबद्दल बोलणं चाललंय याचा.

मी खिशात नवी रिफिल शोधली.
निळीच निघाली.