पट्ट्याचं सातवं छिद्र

जिंतूर डेपोत बदली झाली तेव्हा
पट्टा तिसऱ्या छिद्रात होता.
स्टँडवरची भजी, वडे,
मुक्कामी गाडी लावून रात्री
ढाब्यावर तेलात पोहणारी शेवभाजी...
दोन वर्षांत कंपनीची पाचही छिद्रं संपली.
सहावं रसूलभाईनं पाडून दिलं,
आरीनं, दहा रुपयांत.
मग सातवं.

डॉक्टरीणबाईंचा काटा म्हणाला, ब्याण्णव.
अयोध्याला फोन केला.
ती तिकडं उमरग्याजवळ अंगणवाडीत
रोज लेकरं काट्यावर बसवते.
म्हणाली, "इथं लेकरांचं भरंना,
तुमचं उतरंना. तवा घ्या एक."

तवा घेतला. परात घेतली.
पाच किलो जवारी दळून आणली तर
गिरणीवाला विचारतो, "पाहुणे येणारेत का?"

पहिली भाकर परातीतच फाटली.
दुसरी तव्यावर पडेपर्यंत तिचा नकाशा झाला.
फोन मिठाच्या डब्याला टेकवलेला,
त्यातून अयोध्या:
"पाणी कढत घ्या. अजून मळा.
स्टेरिंग नाही ते, हळू थापा."

महिन्यानं एक फुगली.
खोलीत एकटाच ओरडलो, "फुगली!"
शेजारचा कंडक्टर बिडवे धावत आला,
त्याला वाटलं सिलिंडर.
अर्धी त्याला दिली, कारळाच्या चटणीशी.

आता बाजारातून अंबाडी आणतो, घोळ आणतो.
डाळीत मूठभर कण्या टाकून घोटतो.
आमटीचा येसर उमरग्याहून येतो,
आपल्याच ड्रायव्हरच्या सीटखाली,
बिस्किटाच्या जुन्या डब्यात.
आणि भूक लागते.
हे नवीनच.
आधी नुसतं खाणं लागायचं.

खरं सांगतो, भजी सुटली नाहीत.
चारठाण्याच्या थांब्यावर कढई दिसते.
कधी केबिनमधून उतरतो,
कधी नाही.

पट्टा चौथ्यावर आलाय.
पुढचं शेपूट लोंबतं, गिअरला अडकतं.
रसूलभाईकडं गेलो, म्हणालो, कापा.
त्यानं पट्टा उजेडात धरला,
आपलीच दोन छिद्रं ओळखली.
"भाभी आ गयी क्या?"
मी बोटं दाखवली,
तीन ठिकाणी भाजलेली.

तो हसला. पण आरी खाली ठेवून
सुरी काही उचलेना.
"काट दूँ? फिर लगा तो?"

थोडा वेळ दोघंही पट्ट्याकडं बघत बसलो.
मागं परभणी गाडीची अनाऊन्समेंट चालू.

"सातवं कापा," म्हणालो.
"सहावं राहू द्या."