सात पराती

आमच्याकडे नाव कळलं की वार कळतो.
मी एकुआ. बुधवारची.
आणि बुधवार दरवर्षी शेवटचा यायचा,
हे आधीच सांगून टाकते.

सुगीच्या रविवारी वेदीसमोर
एनॅमलच्या सात पराती मांडत,
निळ्या काठाच्या, एकीचा टवका उडालेला.
पितळी बँड सुरू झाला की
एकेक वार नाचत पुढे जाई,
डोक्यावर रुमाल फिरवत,
मुठीत घामानं मऊ पडलेल्या नोटा.
आर्कोफुल मास्तर फळ्यावर आकडे मांडत:
शुक्रवार चारशे दहा सेडी,
सोमवार तीनशे नव्वद,
की सोमवारच्या बायका कमरेच्या गाठी सोडत
पुन्हा उठल्याच.
छप्पर गळत होतं, ते कुणाच्या ध्यानातही नसे.
शुक्रवारापुढे मान खाली जाता कामा नये, बस्स.

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर
होडी पाण्यात घालत नाहीत,
म्हणून मंगळवारवाल्यांना सगळे चिडवत:
जन्मापासून सुट्टीवर!
त्या रागापायी ते जास्तच टाकत.

बुधवारात आम्ही नऊजण.
त्यातली चार पोरं,
एक आंधळा सुतार,
आणि मिठाचे व्यापारी एसिल्फी,
जे नेमके सुगीच्याच आठवड्यात आजारी पडत.

मग लिलाव.
पाव, मांडीएवढं कोनफळ,
फँटाची एक बाटली, दुकानातल्या वीस बाटल्यांच्या भावात.
एका वर्षी एक तांबडा कोंबडा सहा वेळा विकला गेला,
जो घेई तो परत चर्चलाच देई.
सहाव्या बोलीला कोंबडाच आरवला,
आणि पाद्रीबाबा डोळे पुसत खाली बसले.

आणि दोर्कस.
धुरावलेले मासे विकायची,
प्रार्थनेलाही तो वास तिच्यासोबत यायचा.
बाजाराच्या शेडमध्ये सापडलेलं मूल.
कुणी म्हणे पहाटे, कुणी म्हणे दिवेलागणीला,
वार कुणालाच आठवत नव्हता.
बँड थांबला, लोकांनी घाम पुसला, की ती उठे.
नाचत नसे.
पहिल्या परातीत एक नाणं.
दुसरीत एक.
असं सातवीपर्यंत,
आणि प्रत्येक नाणं वाजून थांबेपर्यंत
ती पाऊल उचलत नसे.
मास्तर सातही आकडे पुसून
एकेकानं वाढवून लिहीत.
मी आईला विचारलं, तिला सगळीकडे कसं चालतं?
आई म्हणाली, सरकून बस.

मग वणव्यांचं वर्ष आलं.
कोको जळाला, कसावा जळाला,
तुतारीवाला तुतारी विकून परगावी गेला.
तरीही पराती मांडल्या.
ढोल एकटाच वाजत राहिला,
वार उठत, नाचत जात,
रिकामी मूठ परातीवर उघडून परत येत.
शेवटी दोर्कस उठली.
मास्तरांनी खडू उचलला:
रविवार एक. सोमवार एक. मंगळवार एक.
कुणी हसलं नाही.
बुधवार शेवटचा आला नाही
असं ते एकच वर्ष.

छप्पर पुढं झालं, पत्र्याचं.
पावसात त्याखाली प्रवचन ऐकू येत नाही,
त्याचीही आता सवय झाली.

दोर्कस गेली तेव्हा पेटीला खांदा कोणत्या वारानं द्यायचा
यावरून समितीत दोन तास भांडण झालं.
मी म्हटलं, आम्ही मोजून नऊजण आहोत, आम्हाला द्या.
मांडवाचा खर्च शुक्रवारानं उचलला होता.
शुक्रवार जिंकला.

आता पैसे मोबाईलवर येतात,
आकडे भिंतीवरच्या पडद्यावर चढतात.
मी बुधवारची खजिनदार. अजून शेवटचीच.
जुन्या पराती वाटून टाकल्या तेव्हा
टवका उडालेली मी घरी आणली,
तिच्यात कांदे ठेवते.
ती बुधवारचीच होती का,
हे आता विचारायचं कुणाला?