काना

दिवाळी सरली की तुळशीदासाचा निरोप येतो :
शॅक उभी राहिली, रंग घेऊन ये.
मोरजीच्या वाळूत शिडी रुतते
आणि मी चढतो
माझ्याच गेल्या सालच्या आकड्यांसमोर.

अक्षरं रशियन. मला येत नाहीत.
त्याच्या भाच्याने कधीतरी एका कागदावर दिली,
त्यावरून उतरवतो,
जशी शेटकर मास्तर पाटीवर गिरवून घेत,
अर्थ मागाहून कळेल म्हणत.

आकडे मात्र कळतात.
हे इंग्रजी आकडे फार सोयीचे.
तिनाची दोन्ही तोंडं मिटली की आठ.
एकाला एक तिरपी, एक आडवी दिली की चार.
बांगडा एकशे तीसचा एकशे ऐंशी झाला,
आणि नाताळाच्या आदल्या दुपारी
चारशे ऐंशी,
तेवढ्यात माझा चहासुद्धा निवला नव्हता.

बिलात छत्रीचे वेगळे, टॉवेलचे वेगळे.
पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते,
पोऱ्या ती अंगठ्याखाली धरून आणतो.
गावच्याला बोर्ड नाही.
गावच्याला भाव तोंडी, तोही हळू :
“तुका कसलो भाव? बस, जेव.”

त्या दुपारी चार ओला होता अजून.
गवती टोपीतली एक म्हातारी
सरळ शिडीपाशी आली, बोर्डाकडे बोट करून
काहीबाही बोलू लागली.
मी ब्रश पाठीमागे नेला.
सापडलो, म्हटलं.

तिने नख टेकवलं ते आकड्यावर नाही,
डावीकडे, एका अक्षरावर.
“रीबा,” म्हणाली. हाताने मासा पोहवून दाखवला.
मग हवेत एक उभी रेघ ओढली,
वरून खाली, सावकाश.

काना!
सहा वर्षं मी मासळीचा काना खाल्ला होता.
मास्तर असते तर एका कान्याला एक छडी,
सहा वर्षांच्या किती, मोजा.
मी रेघ दिली. चांगला ऑइल पेंट, भरून.
तिने टाळ्या वाजवल्या,
बांगडा मागवला, खाल्ला,
चारशे ऐंशी मोजून ठेवले, वर पोऱ्याला वीस.
काना-मात्रेचा फरक चालत नव्हता तिला.
साडेतीनशेचा चालला.

संध्याकाळी तुळशीदास म्हणाला, “काडीचे किती?”
मी म्हटलं, पाचशे.
“एका काडीचे?”
“रशियन काना आहे.”
कसा म्हणालो कोण जाणे. जीभही अडखळली नाही.
तो हसला, दिले त्याने.
दुसऱ्या दिवशी सोलकढीचा भाव वाढवून घेतला
माझ्याच हातून, फुकट.

पेडण्याच्या बाजारात आनमारीने
सहा बांगड्यांचा वाटा सांगितला चारशे.
म्हटलं, अगे, मी टुरिस्ट दिसतो तुला?
ती माशी हाकत म्हणाली,
“शॅकवाले न बोलता नेतात.
आणि एका बांगड्याचे ते किती घेतात
ते तुझ्याच अक्षरात वाचलंय मी.”
पिशवी पुढे केली. दुसरं काय करणार.

पावसाचे चार महिने बोर्ड गोठ्यात होता,
म्हशीच्या वाफेत, खाऱ्या ओलीत.
यंदा बाहेर काढला तर
रंग खवल्यांसारखा सुटत होता.
चाराची तिरपी गळालेली, आठाची तोंडं उघडलेली,
एकशे तीस
कुणी न सांगता परत आलेले.
काना तेवढा जागच्या जागी. ताठ.

“खरवड सगळं,” तुळशीदास म्हणाला.
खरवडलं.
कान्यापाशी पातं आडवं धरलं, तेवढं सोडलं.
“यंदा किती लिहू?”
तो समुद्राकडे बघत बोटं मोजत राहिला.
मी पांढरा कालवायला घेतला.