वडगावातली खोली

खाली मागाची शेड, वर आम्ही.
खटक-खट, खटक-खट.
भरमू म्हणायचा, फुकटचा मेट्रोनोम मर्दा,
पगार मागत नाही.

पहिला गेला इनास. खानापूरहून येताना
दर रविवारी बस चुकवायचा,
मस्कतचं विमान तेवढं चुकवलं नाही.
बेस ठेवून गेला, एक तार कमी.
मग महांतेश. लग्न झालं
आणि गळ्याची बदली हुबळीला.
त्याची कन्नड कडवी आता मी गातो,
त्याची आई समोर बसून उच्चार सुधारते.

निपाणीला बॅनरवरून भांडण:
कुठली लिपी वर, कुठली खाली.
कार्यक्रम राहिला,
टेम्पोचं भाडं राहिलं नाही.

परवा भरमूनं काठ्या खिडकीत ठेवल्या.
उद्यमबागेत रातपाळी लागली, म्हणाला.
तेवढ्यात वीज गेली. माग थांबले.
त्याचं उतरणं
शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आलं.

मग कुणीतरी चढत आलं.
मागावरची प्रभावती,
केसांत सुताची कुसं.
काठ्या उचलून म्हणाली,
"रोज ऐकतोय की खालनं मी.
तिसऱ्या गाण्यात तुम्ही पळताय."

वीज नव्हती.
मुक्या गिटारींवर
तिसरंच घेतलं, पुन्हा.