मंद

शारजात, अल नहदाच्या नवव्या मजल्यावर
फ्रिजला चिकटवलेलं ओजसचं कार्ड.
त्यावर अरबीत : अस्हाब अल्-हिमम.
"हिंमतवाले," शेजारच्या बुशराचे अब्बा म्हणाले.
मला हसू आलं. आमच्याकडे हिंमत
याच वाटेनं आली असणार,
खजुरांबरोबर.

फाइलीत एक शब्द, शाळेच्या फॉर्मवर दुसरा.
चिपळूणहून काका फोनवर शब्दच टाळतात :
"अजून तसाच का रे?"
तसाच, काका.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई 'स्वमग्न' म्हणाल्या होत्या.
स्वतःत कुठे?
तो मग्न असतो एसीच्या घरघरीत,
लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात.
"अत्-ताबिक अत्-तासिअ"
तिच्याआधी म्हणतो, तिच्याच सुरात.
सहा वर्षांत बाबा म्हणाला नाही,
पण मी कामावरून आलो की दारात
मला मजला सांगतो.
हाक आहे ती,
हे कळायला मलाच वेळ लागला.

सुपरमार्केटात ट्यूबलाइटी त्याच्या कानात शिरतात.
कांद्यांच्या ढिगापाशी तो बसतो, कान दाबून.
ट्रॉल्या वळसा घालून जातात.
कांदे आणायला
कशाला लागावी हिंमत?

परवा काउंटरवरच्या शिहाबनं
काही न विचारता
त्या रांगेतले अर्धे दिवे घालवले.
ओजस उठला.
एकेक मोजत पिशवीत टाकले. सतरा.

घरी येऊन मी दिव्याला रेग्युलेटर बसवला.
गावी जो शब्द त्याच्या पाठीत मारायचे
तो आता आमच्याकडे भिंतीवरच्या बटणाचा.
"मंद कर जरा," बायको म्हणते,
आणि ओजस
कानावरचा एक हात काढतो.