उद्या पहाटे

आपियाहून पागो पागो : सव्वाशे किलोमीटर.
विमानाला पस्तीस मिनिटं,
वारा आडवा असला तर चाळीस.
घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत,
फक्त वार मागे सरकतो.
शनिवारी चढलेला माणूस शुक्रवारी उतरतो
आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

मलाही कधी वाटलं नव्हतं.
एकच वाढदिवस दोनदा करून घेतलाय मी या वाटेवर,
दोन्हीकडचा केक खाऊन.

पेलेनातो शनिवारी पहाटे चारला गेला.
फोन करू नकोस, आई म्हणाली,
सिएनी मशीनवर असते, हात कापून घेईल.
असलं तोंडानं सांगायचं. तोंड घेऊन जा.

विमान लहान, म्हणून इथे माणसंही तोलतात.
काट्यावर उभी राहिले, हातात पिशवीसुद्धा नाही.
पोरानं आकडा मोठ्यानं वाचला.
एरवी लाजते मी.
आज म्हटलं, वाच बाबा.

खिडकीतून पाणी, नुसतं पाणी.
कुठेतरी ती रेघ गेली असणार,
ना फेस, ना खांब.
वैमानिकाची मान दिसत होती.
जांभई देत होता.

उतरले तर शुक्रवार, दहा पस्तीस.

शुक्रवारी दहा पस्तीसला पेलेनातो
उशीला टेकून बसला होता की!
शहाळं मागत होता.
नर्सला सांगत होता, ही माझी बहीण,
हिला वजन तेवढं विचारू नका.
मी धावपट्टीवर उभीच राहिले.
ओल्या डांबराचा वास.
या गावात तो अजून आहे.
मी गप्प बसले तर दुपारपर्यंत आहे,
रात्री जेवणार आहे.

सिएनी कारखान्याबाहेर आली,
डोक्याला जाळी, पांढरे गमबूट,
कोपरापर्यंत कुपा माशाचा वास.
माझं तोंड पाहिलं तिनं.
‘कधी?’
‘उद्या पहाटे.’
चुकलं असं तिला वाटलं नाही. तिलाही हिशेब पाठ आहे.

अडला तो संगणक.
रजेच्या अर्जात मृत्यूची तारीख हवी,
उद्याची घातली की चौकट लाल.
तीनदा टाकून पाहिली मुकादमानं. भला माणूस,
त्याची आजी आमच्याच बाजूची.
शेवटी म्हणाला, आजची घालतो,
नाहीतर पगार कापतील.

सिएनी हातमोजे सोलून काढत होती.
‘एक दिवस कमी केलास त्याचा,’ म्हणाली.
ओरडून नाही.
वाण्याला सांगावं तसं, की पावशेर कमी भरलंय.

परतताना काट्यावर दोघी,
आणि तिच्या काखेत मयतीची चटई,
बारीक विणीची, काठाला लाल पिसं,
लग्नात मिळालेली.
काउंटरवरच्या मुलीनं आकडा वाचला,
मग चटई खाली ठेवायला लावली, पुन्हा वाचला.
‘हिचं वजन आम्ही धरत नाही,’ म्हणाली.

चारचं विमान.
सिएनीच्या वाट्याला शुक्रवारची रात्र आलीच नाही,
दिवा लावायची, भात टाकायची,
काही न कळता झोपी जायची.

अर्ध्या वाटेत, खिडकीला कपाळ टेकून, तिनं विचारलं,
‘शहाळं दिलंस का मग त्याला?’

‘संध्याकाळी आणते म्हणाले होते,’ मी सांगितलं.

खाली पाणी होतं.
रेघ गेली की यायची होती,
वैमानिकालाच ठाऊक.